भुतांचे कायदे

दिवाळीला नातू चिमूरला आला, म्हणजे आमच्या घरात प्रश्नांची आतषबाजी सुरू होते. फटाके दोन दिवसांत संपतात. त्याचे प्रश्न भाऊबीज उलटली तरी संपत नाहीत. गेल्या दिवाळीनंतर शेजारच्या गावी मंडई भरली होती. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली, की गावोगाव मंडया भरू लागतात, आणि मंडईच्या रात्री नाटक हे ठरलेलेच. रात्रभर नाटक पाहून आम्ही आजा-नातू पहाटे परतत होतो. दोन्ही अंगांना धानाचे बांध, पलीकडे जंगलाची काळी रेघ, अंगात हुडहुडी. अशा वेळी त्याने विचारले, "आबाजी, ड्रॅक्युला आणि आपला वेताळ यांची लढाई झाली, तर कोण जिंकेल?"

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. मोठ्या माणसांची ही जुनी पळवाट आहे. पण या खेपेस मी खरोखरच विचार करू लागलो, आणि करता करता जिथे जाऊन पोहोचलो, तिथे जाण्याची माझी मुळीच इच्छा नव्हती.

भुतांची आणि माझी ओळख आजीने करून दिली. धान खळ्यावर आले, की राखणीला घरातले कोणी तरी तिथे निजायला जाई. शेकोटी पेटे आणि आजीच्या गोष्टी सुरू होत. आज आठवून पाहतो तेव्हा वाटते, आजीची भुते मोठी कायदेशीर होती. मुंजा आपल्या पिंपळाची हद्द सोडून जात नसे. हडळ हवे तसे सुंदर रूप घेई, पण पाय उलटे ते उलटेच. ज्याने खाली पाहिले तो वाचला. चकवा माणसाला एकाच शेताभोवती रात्रभर फिरवी, पण कोंबडा आरवला की त्याचा अंमल संपे. रात्री कोणी नावाने हाक मारली, तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. कारण भुताला तिसरी हाक मारता येत नाही. जवळ लोखंडाचा तुकडा असला की ते अंगाला शिवत नाही. आजी हे सारे अशा खात्रीने सांगे, की जणू पंचांच्या सह्या होऊन हा करार फार पूर्वीच झालेला आहे!

भीती वाटे, नाही असे नाही. पण तिला काठ असे. विहिरीला कठडा असला म्हणजे वाकून पाहण्यात जी गंमत असते, ती त्या भीतीत होती.

पुढे नागपूरला शिकायला गेलो, तेव्हा वाचनालयात ड्रॅक्युला भेटला. ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची ही कादंबरी १८९७ साली निघाली. ज्या ट्रान्सिल्व्हेनियाच्या डोंगरात त्याने आपल्या सरदाराचा किल्ला उभा केला, तिथे स्टोकर स्वतः कधी गेला नव्हता. पुस्तके चाळून आणि टिपणे काढून त्याने हा रक्तपिपासू उमराव घडवला. त्याच्या अंगी वीस माणसांचे बळ. तो लांडगा होतो, वटवाघूळ होतो, धुके होऊन दाराच्या फटीतून शिरतो. उंदरांवर आणि लांडग्यांवर त्याची हुकमत चालते. ज्याचे रक्त तो पितो, ते माणूस हळूहळू त्याच्यासारखेच होऊ लागते.

एवढे सामर्थ्य दिल्यावर लेखकाने त्याला मोकळे सोडले असेल असे वाटते ना? तसे नाही. त्याला लसूण सोसत नाही. क्रूस दाखवला की मागे सरतो. वाहते पाणी त्याला भरती-ओहोटीच्या ठरावीक वेळीच ओलांडता येते. विश्रांतीला मायदेशाची मातीच लागते. म्हणून बिचारा मातीने भरलेल्या पेट्या घेऊन लंडनला येतो! उन्हाने त्याची राख होते असे पुष्कळांना वाटते, पण स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनच्या रस्त्यावर दिसतो. फक्त त्याची शक्ती त्या वेळी ओसरलेली असते. उन्हाने मरण्याचे कलम १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटाने घातले. भुतांच्या कायद्यातही अशा दुरुस्त्या होत असतात.

वटवाघळांची मात्र यात फुकट बदनामी झाली. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत आणि तिन्ही अमेरिका खंडातल्या. आमच्या पिंपळावर उलटी टांगलेली मंडळी फळे खातात. त्यांचे धाकटे भाऊबंद किडे टिपतात. दिसायला विचित्र आणि रात्री हिंडणारे, एवढ्या दोनच गोष्टींवर त्यांचा गुन्हा शाबीत झाला. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

ड्रॅक्युलाच्या दुबळेपणात दोन गोष्टी मला विलक्षण वाटत आल्या आहेत. पहिली ही, की त्याचे प्रतिबिंब आरशात पडत नाही. जो दुसऱ्याच्या रक्तावर जगतो, त्याला स्वतःचे तोंड दिसत नाही. दुसरी ही, की घरातल्या कोणी 'ये' म्हटल्याशिवाय त्याला कोणत्याही घराचा उंबरठा प्रथम ओलांडता येत नाही. एकदा बोलावणे झाले, की मग तो केव्हाही येऊ शकतो. पण पहिले 'ये' माणसानेच म्हणावे लागते. वीस माणसांचे बळ असलेला हा राक्षस एका अक्षरासाठी दाराबाहेर तिष्ठत उभा असतो!

गोष्ट सांगणारे असे का करतात? कोणी म्हणेल, भूत अजिंक्य असले तर गोष्ट रंगायची कशी? ते खरेच आहे. पण मला वाटते, त्यामागे आणखीही काही आहे. जुन्या माणसांना दुष्टपणाची भीती होती, परंतु त्याला सर्व सत्ता देण्याची त्यांची तयारी नव्हती. दुष्टालाही नियम आहेत, आणि साधा माणूससुद्धा शहाणपणाने वागला तर त्यातून सुटू शकतो, हा दिलासा त्यांना मुलाबाळांच्या हाती द्यायचा होता. पूर्व युरोपातले खेडूत तर पिशाचाच्या वाटेवर खसखस पसरत. ते म्हणे दाणा न् दाणा मोजल्याशिवाय पुढे जात नाही, आणि मोजता मोजता उजाडते. मूठभर खसखशीने जिथे मृत्यू अडतो, तिथे माणसाने अगदीच हताश का व्हावे?

आता आपला वेताळ. १८७० साली रिचर्ड बर्टन या इंग्रजाने आपल्या वेताळकथा इंग्रजीत नेल्या, तेव्हा वेताळाला त्याने तिकडच्या रक्तपिपासू पिशाचाचेच नाव दिले. हा वेताळावर अन्यायच झाला. प्रेतात वस्ती करून स्मशानातल्या झाडाला लोंबकळणे ही सवय चांगली नव्हे, हे मान्य. पण विक्रमाच्या खांद्यावर बसून तो रक्त पीत नाही. तो गोष्ट सांगतो आणि प्रश्न विचारतो. या गोष्टीत दोषी कोण? खरा हक्क कोणाचा? उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोके फुटेल, आणि बोललास तर मी परत झाडावर जाईन! राजा प्रत्येक वेळी बोलतो. हातचे काम जाते, तरी बोलतो. न्याय ठाऊक असताना मुकाट राहणे हे डोके फुटण्याजोगे पाप आहे, असे सांगणारे भूत मला तरी दुसरे ठाऊक नाही. गोव्यात आमोण्याला आणि कोकणात कितीतरी गावी लोक वेताळाला राखणदार देव मानतात, याचे मला नवल वाटत नाही.

येथवर सारे गोष्टीतले झाले. पण भूत गोष्टीतून बाहेर काढून खऱ्या जगात आणून ठेवले, म्हणजे काय होते?

अठराव्या शतकात सर्बियाच्या बाजूला रक्तपिपासू प्रेतांची हूल उठली. लोक थडगी उकरू लागले. पुरलेले प्रेत कुजताना फुगते, तोंडाशी तांबडे पाणी येते. लोकांना वाटे, हे रक्त पिऊन पुष्ट झाले आहे. अखेर १७५५ साली सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने आपला वैद्य फान स्वीटेन याला चौकशीचे काम दिले, आणि त्याच्या सल्ल्यावरून ही उकराउकर बंद करवली. अमेरिकेत तर अगदी अलीकडे, १८९२ साली, ऱ्होड आयलंड प्रांतातल्या एक्झिटर गावी मर्सी ब्राउन नावाची एकोणीस वर्षांची मुलगी क्षयाने गेली. आई आणि बहीण आधीच गेल्या होत्या, भाऊ खंगत चालला होता. गावाने ठरवले, थडग्यातले कोणी तरी याचे रक्त पीत आहे. मर्सीचे प्रेत थंडीमुळे टिकून राहिले होते. तोच पुरावा झाला. तिचे काळीज जाळले आणि ती राख भावाला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. क्षयाचा जंतू कॉखने त्याच्या दहा वर्षे आधी, १८८२ मध्ये, दाखवून दिला होता. जगाला रोग ठाऊक होता, एक्झिटरला नव्हता.

त्या लोकांनी निदान मेलेल्यांना छळले. आम्ही काय केले ते आता सांगतो.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून अशक्त. डोळे पिवळे, हातपाय एकाएकी सुजायचे, सांधे इतके दुखायचे की रात्र रात्र कळवळायचा. मग दोन महिने बरा असे, आणि पुन्हा तेच. दवाखान्यात कावीळ म्हणून औषध देत, कधी हिवताप म्हणून. अखेर घरच्यांनी जाणत्याला बोलावले. त्याने पोराच्या पापण्या उलटून पाहिल्या. आत तांबडा रंग कसा तो नव्हता. तो म्हणाला, "कोनी तरी पोराचं रगत पिऊन रायली."

'रायली' म्हणाला, म्हणजे ती बाई होती. आता फक्त कोणती, एवढेच ठरायचे होते.

आमच्या आळीत एक विधवा सुईण राहत असे. आम्ही मुले तिला मोठीमाय म्हणत असू. मी तिच्याच हातांत जन्मलो, भाऊही तिच्याच. तिला स्वतःचे मूल नव्हते. रात्रीअपरात्री ती हिंडताना दिसे, कारण बाळे रात्रीच येतात. डोळे लाल असत, कारण जाग्रणे आणि चुलीचा धूर. भावाच्या उशाशी ती तासन् तास बसे, कारण त्याच्यावर तिचा जीव होता. पण या गोष्टी 'कारण' हा शब्द गाळून एकापुढे एक मांडा. विधवा, निपुत्रिक, रात्री हिंडणारी, लाल डोळ्यांची, पोराला टक लावून पाहणारी. वटवाघळाचा गुन्हा असाच शाबीत झाला होता.

तरीही आईचे मन घेत नव्हते. ते घ्यायला लावले मी. आठ वर्षांचा होतो. कोणीतरी विचारले, "तू काही पायलं का रे?" सगळे माझ्याकडे पाहत होते. घरात आजवर माझे कोणी इतके लक्ष देऊन ऐकले नव्हते. मी सांगितले, "हो, मी पायलं तिले. दिवेलागणीले आली, त्याच्या कपाळाले हात लावला आन् काहीतरी पुटपुटली." त्यात खोटे काही नव्हते. ती रोजच येई, ताप पाही आणि देवाचे नाव घेई. मी फक्त देवाचे नाव गाळले.

कोणी तिला मारले नाही. आम्ही सभ्य माणसे होतो. आम्ही फक्त तिला 'ये' म्हणेनासे झालो.

त्या दिवाळीला पाडव्याच्या संध्याकाळी ती आली. हातात करंज्यांची थाळी होती, वर स्वच्छ फडके. उंबरठ्याबाहेर उभी राहिली. आई आतून पाहत होती, आजीही पाहत होती. ती वाट पाहत होती, की कोणी म्हणेल, "ये ना, मोठीमाय, भायेर काऊन उभी?" कोणी म्हणाले नाही. पणती मधे जळत होती. मग तिने थाळी ओट्यावर ठेवली आणि गेली. त्या करंज्या आम्ही खाल्ल्या नाहीत, गुरांना घातल्या. होळीच्या आत ती वैनगंगेपलीकडे भावाच्या गावी निघून गेली. पुढे गावातल्या दोन बाळंतपणांत सुईण मिळाली नाही, एवढे मला आठवते. माझा भाऊ तिच्यामागे दोन वर्षांनी गेला, नऊ वर्षांचा होऊन.

ड्रॅक्युला वाचताना उंबरठ्याच्या कलमाशी मी का अडखळलो, हे आता ध्यानात येईल. बोलावल्याशिवाय ती आत आली नाही, म्हणजे पुस्तकातली खूण पटली! पण त्याच दिवसांत दुसरे काही तरी आमच्या घरात शिरले होते, आणि त्याला 'ये' मी म्हटले होते.

रक्त पिणारा कोण, ते कळायला पुष्कळ वर्षे जावी लागली. बहिणीच्या नातवाला तीच सूज, तेच पिवळे डोळे दिसले, तेव्हा काळ बदलला होता. आरोग्य तपासणीत त्याचे रक्त पाहिले. सिकलसेलचा रुग्ण निघाला. मग आम्हा सगळ्यांची तपासणी झाली. बहीण वाहक, मी वाहक. रक्तातली निरोगी तांबडी पेशी वाटोळी असते आणि सुमारे १२० दिवस जगते. या आजारात ती विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकून वेदना करते, आणि १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून पापणी पांढरी, म्हणून डोळा पिवळा. आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याचा धोका चारांत एक. शिकागोच्या जेम्स हेरिकने अशा पेशी १९१० साली नोंदवल्या होत्या. १९५२ साली निलगिरीच्या डोंगरात भारतातही त्या आढळल्या. म्हणजे माझा भाऊ तळमळत होता, तेव्हा जगाला त्याचा रोग ठाऊक होता. चिमूरच्या आमच्या आळीला नव्हता.

त्याचे रक्त बाहेरचे कोणी पीत नव्हते. ते पिणारे आमच्याच रक्तात होते, अर्धे आईकडून, अर्धे बाबांकडून. आम्ही साऱ्या आळीत शोधत फिरलो आणि घरातल्या आरशात ते दिसले नाही.

यात आईबापांचाही दोष नाही, हे सांगितले पाहिजे. नाही तर सुईण सुटली आणि सून अडकली, असे व्हायचे. ज्याच्यात या गुणाचा एकच वाटा असतो, त्या वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. हिवतापाच्या मुलखात म्हणूनच हा गुण टिकला. आमचे कोणी पूर्वज त्याच्या बळावर वाचले असतील. त्याची किंमत माझ्या भावाने भरली. यात शिक्षा करण्याजोगे कोणीच नाही. माणसाला नेमकी हीच गोष्ट सोसत नाही. दुःख आहे आणि अपराधी नाही, हे पचत नाही. म्हणून आपण एक अपराधी नेमतो.

आजीच्या भुताला आणि मोठीमायला लावलेल्या न्यायात फरक होता, तो हा. भुताला सुटकेच्या वाटा नसल्या तरी आपल्याला होत्या. जिला आपण भूत ठरवले, तिला एकही ठेवली नाही. तिचे पाय सरळ होते, ते कोणी पाहिले नाही. ती आली तर रक्त प्यायला आली, आणि नाही आली तर दुरून पिते. पोर बरे झाले तर तिने सोडले, दुखले तर तिने धरले. भुताच्या साऱ्या शक्ती तिला दिल्या आणि भुताचा एकही कायदा तिला लावला नाही. गोष्टीतल्या राक्षसाला जी मर्यादा मिळते, ती जिवंत बाईला मिळाली नाही.

हे जुने झाले, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावी, भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या बायामाणसांना भर चौकात खांबांना बांधून मारले. मे २०२४ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात बारसेवाडा येथे एक बाई आणि एक पुरुष जादूटोण्याच्या संशयावरून जिवंत जाळले गेले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायदा हवाच. पण आमच्या ओट्यावर जे घडले, ते त्याच्या कोणत्या कलमात बसले असते? करंज्या न खाण्याला शिक्षा नाही.

त्यासाठी दुसरे काही लागते, आणि ते चिमूरला नवे नाही. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीच्या दिवशी, येथे उठाव झाला. मागून आलेल्या फौजेने साऱ्या गावावर सूड उगवला. बायकांवर अत्याचार झाले. सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी तेव्हा ६३ दिवस उपोषण केले. त्यांनी कोणाचे डोके मागितले नाही. त्यांचे मागणे होते, चौकशी करा. इतकेच. दुसऱ्याचे रक्त पिऊन जगणारा तो ड्रॅक्युला; आणि स्वतःचे रक्त आटवून जो म्हणतो, 'आधी विचारा, काय झाले ते पाहा', त्याला काय म्हणावे? माझ्या गावाच्या अब्रूसाठी एक माणूस ६३ दिवस उपाशी राहिला, आणि त्याच गावात वीसेक वर्षांनी आम्ही एका बाईला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही: "मोठीमाय, तू काय पुटपुटत होतीस?"

मग मुलांना भुतांच्या गोष्टी सांगू नयेत काय? माझे मत तसे नाही. अवश्य सांगाव्या, दिवे मालवून सांगाव्या. फक्त कायद्यांसकट सांगाव्या. भीती ही मुलांना लागतेच, आणि तिला काठ असतो हेही त्यांना गोष्टीतूनच कळते. मात्र गोष्ट संपली की भूत तिथेच ठेवून यावे. ते घरी आणून शेजारणीच्या अंगावर घालू नये.

यंदा नातू पुन्हा आला आहे. प्रश्न विसरला असेल असे वाटले होते, पण पायरीशीच त्याने विचारले, "आबाजी, कोण जिंकेल ते सांगणार होता." मी म्हणालो, "वेताळ."

"काऊन? त्याच्याजवळ तर काहीच पॉवर नाही."

"तो प्रश्न विचारतो," मी म्हणालो. त्याला ते पटले नाही. वयच तसे आहे. मग मी त्याला ओट्यावर बसवले आणि मोठीमायची गोष्ट सांगितली. भावाला किंवा बहिणीलाही मी ती कधी सांगितली नव्हती. त्याने सगळी ऐकून घेतली आणि थोड्या वेळाने विचारले, "मंग तिले वापस बलवाले कोनी गेलं होतं का?"

नाही, कोणी गेले नव्हते.